सगळ्यांच्या मागची रेघ

३ ऑगस्ट

आत्या,

पाकीट फोडल्यावर तू आधी खालची सही बघितली असशील. बरोबर, मीच. तुझ्या भावाची मुलगी. मी "अहो आत्या" लिहून सुरुवात केली होती, पण आजी म्हणाली, "अहो-जाहो केलंस तर ती पत्र फाडून टाकेल." म्हणून सरळ तू.

फोन करता आला असता. पण आजीचा फोन कायम स्पीकरवर असतो, कारण तिला नीट ऐकू येत नाही. दर रविवारी तुझं सगळं बोलणं स्वयंपाकघरातल्या भांड्यांनासुद्धा ऐकू जातं. तिला चष्मा सापडेपर्यंत फोन बाबा उचलतात आणि म्हणतात, "आईला देतो." तू म्हणतेस, "हं." माझ्या जन्माच्या आधीपासून तुम्हा दोघांचं एवढंच बोलणं चालू आहे, असं आजी सांगते. कारण विचारलं की तिला अचानक काहीतरी गॅसवर ठेवल्याचं आठवतं.

आता मुद्द्यावर येते. आमच्या शाळेचा मुलींचा रिलेचा संघ निवडायचा आहे आणि मला त्यात जायचंय. नुसतं जायचंय नाही, मला दुसरं काही सुचतच नाहीये. मी जिना उतरताना पळते, दूध आणायला जाताना पळते, वहीच्या मागच्या पानावर बॅटनची चित्रं काढते. पळताना मला जे होतं ते इथे लिहिता येणार नाही. तू पळायचीस म्हणे, तुला माहीत असेल.

अडचण एकच. आमचे खेळाचे सर म्हणजे बाबा.

घरातून आम्ही दोघं बरोबर निघतो. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाशी बाबा "थांब" म्हणतात आणि एकटे पुढे जातात. तिथून ते सर. मी दुकानाच्या आरशात वेणी बघते, चष्मेवाले काका मान हलवतात, मग मी निघते. शाळेत सरांनी सगळ्यांना टोपणनावं ठेवली आहेत. आमच्या वर्गातली उंच मुलगी शिडी, तोंडातून शब्द न काढणारी घुमी, प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारी वकील. आणि मी अठ्ठावीस. हजेरीतला नंबर. घरी मात्र तेच मला भिंगरी म्हणतात.

मैदानावर रेघा मारायची चुन्याची गाडी आहे ना, दोन चाकं आणि खाली फट असलेला डबा, ती बाबा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांच्या रेघा इतक्या सरळ असतात की भूमितीच्या बाई त्या खिडकीतून वर्गाला दाखवतात. तर सरावाच्या पहिल्या दिवशी सगळ्या मुलींची सुरुवातीची रेघ एक, आणि तिच्या मागे आणखी एक छोटी रेघ. मला वाटलं चुना सांडला. सर म्हणाले, "अठ्ठावीस, तुझी ती."

"का सर?"

"तू घरीही माझ्याकडून शिकतेस. बाकीच्यांना ते मिळत नाही."

घरी ते मला काय शिकवतात सांगू? दुधाचं पातेलं नीट झाकायला.

हे आजीला सांगितलं तर तिने उठून पत्त्यांची वही शोधली. मग तिने तुझा पत्ता माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "हे तुझ्या आत्यालाच विचार." म्हणून विचारते. मागून सुरुवात करून पुढे कसं जायचं?

तुझी न पाहिलेली भाची,
भिंगरी (शाळेत अठ्ठावीस)

१७ ऑगस्ट

आत्या,

तुझं उत्तर आलं. चार ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की कागदाची घडी उसवली.

"पायाखालची रेघ विसर. खाली बघणारी मुलगी अर्धी शर्यत तिथेच हरते. समोर बघ, खांदे सैल सोड, हात जोरात मार. पाय हातांच्या मागे येतात." आणि खाली सही, टिटवी.

टिटवी कोण ते मला कळेना. आजीने सांगितलं की लहानपणी तू पळताना ओरडायचीस, म्हणून बाबांनी तुझं ते नाव ठेवलं. मग काय, मला राहवलं नाही. रात्री जेवताना मी अगदी साळसूदपणे विचारलं, "बाबा, टिटवी कशी असते हो?" बाबांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "पक्षी असतो. जमिनीवर पळतो." आणि गळ्यात अडकवलेली शिट्टी घरभर शोधत बसले. आजी पदरात तोंड लपवून हसत होती.

आता खरी बातमी ऐक. निवड चाचणी झाली.

मी तू सांगितलेलं केलं. खाली बघितलंच नाही. खांदे सोडले, हात मारले, आणि आत्या, खरंच पाय मागे आले. माझ्या पुढच्या मुली एकेक करून बाजूला सरकायला लागल्या. मी मागच्या रेघेवरून निघून शिडीच्या खांद्याला खांदा लावून दोरीपाशी पोचले. मुली टाळ्या वाजवत होत्या. मी धापा टाकत सरांकडे बघितलं. ते कागदावर काहीतरी लिहीत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. खूश झाले की त्यांचे कान लाल होतात. घरी सगळ्यांना माहीत आहे.

मग त्यांनी नावं वाचली. वर्गाची मॉनिटर, घुमी, वकील, शिडी. आणि राखीव, अठ्ठावीस.

वकील लगेच उभी राहिली. तिचं नाव संघात असूनही. "सर, हिला आमच्या रेघेवर आणा आणि परत पळवा. मग बघा कोण राखीव आहे ते."

सर म्हणाले, "यादी झाली."

"पण सर, हे बरोबर नाही."

"उद्या कुणी म्हणायला नको की सरांनी आपली मुलगी घुसवली."

"म्हणू दे की. ती पळते ते आंधळ्यालाही दिसतंय."

सरांनी शिट्टी वाजवली. वाद संपवायची त्यांची ही पद्धत आहे. घरी शिट्टी वाजवता येत नाही, म्हणून घरी ते आंघोळीला जातात.

मी रडले. गाद्यांच्या खोलीत, जिथे हवा गेलेले चेंडू आणि वास मारणाऱ्या गाद्या असतात, तिथे बसून रडले. मग राग आला. मग भूक लागली. आता नुसता राग आहे.

राखीव मुलीने पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या आणि कुणी आजारी असेल तेव्हा तिच्या जागी सराव करायचा. तुला रिले माहीतच आहे, पण मला लिहायला आवडतं म्हणून लिहिते. बॅटन जिथे हातातून हातात जाते तिथे मैदानावर दोन रेघा असतात. घेणाऱ्या मुलीने त्या दोन रेघांच्या आतूनच पळायला सुरुवात करायची. तिचा पाय मागच्या रेघेच्या बाहेर असला की सगळा संघ बाद. पण आमच्या मैदानावर मी कुणाच्या जागी उभी राहिले की सर मला त्या रेघेच्याही मागे पाठवतात. "सराव आहे, इथे कोण बाद करतंय? राखीव मुलीचा दम जास्त पाहिजे." म्हणजे तिथेही माझी आपली वेगळी रेघ.

पण मी ती बघत नाही. तुझं ऐकते. जाऊन उभी राहते, मान वळवून मागून येणाऱ्या मुलीकडे बघते, आणि सुटते.

आत्या, तुलाही असंच केलं होतं का?

भिंगरी

५ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र आल्यापासून मी बाबांकडे वेगळ्याच नजरेने बघतेय.

म्हणजे बाबांची नोकरीची पहिलीच वर्षं, तू याच शाळेत, सगळ्यांत वेगवान. आणि त्यांनी तुझी रेघ मागे नाही ओढली. तुला रेघच दिली नाही. तू लिहिलंयस, "मला चाचणीलाही उभं केलं नाही. म्हणाला, नवीन मास्तर आणि पहिल्याच संघात बहीण, लोक काय म्हणतील? तो संघ शेवटचा आला. मी बाहेर बसून बघितलं. नंतर शिकायला म्हणून गाव सोडलं आणि परत यावंसं वाटलं नाही."

मी हे आजीला वाचून दाखवलं नाही. तिला माहीतच असणार.

तू लिहिलंयस की त्याच्याशी भांडू नकोस. पण ते पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी भांडले, माफ कर. ते अंगणात बसून चुन्याच्या गाडीच्या चाकाला तेल घालत होते. मी जाऊन उभी राहिले.

"बाबा, मी तुमची मुलगी नसते तर संघात असते का?"

ते चाक फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, "असतीस."

आत्या, मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर सोपं होतं.

"मग मी काय करू? दुसरे बाबा शोधू?"

"भिंगरे, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

"लोक म्हणजे कोण? मुली तर माझ्या बाजूने आहेत. चष्मेवाले काकासुद्धा."

ते परत चाकाला तेल घालायला लागले. मी म्हणाले, "आत्याला घेतलं असतं तर लोक काय म्हणाले असते हो?"

तेव्हा त्यांनी वर बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "तू तिला पत्र लिहितेस?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "बरी आहे का ती?"

मी म्हणाले, "तुम्हीच विचारा. दर रविवारी फोन उचलता."

आणि ते आंघोळीला गेले. संध्याकाळी, दुसऱ्यांदा.

आंतरशालेय स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे. पहिले दोन संघ पुढच्या फेरीला जाणार. पुढची फेरी कुठे आहे माहितीये? तुझ्या शहरात. मी नकाशात बघितलं. संघ गेला तर बाटल्या सांभाळायला मीही येईन. तू नुसती बघायला ये. तुला "बघू" म्हणायची सवय आहे असं आजी सांगते, तेव्हा बघू म्हणू नकोस.

भिंगरी

१३ सप्टेंबर

आत्या, आत्या, आत्या,

अंगावरचा चुना जायचाय, पाय टेबलाखाली अजून उड्या मारतायत, आणि आजी म्हणतेय की आधी जेव. मी आधी लिहिणार.

सकाळी लांब उडीत वकील पडली. पाय वाकडा पडला आणि घोटा बघता बघता सुजला. तिला खुर्चीत बसवलं, बर्फ लावला. ती रडत नव्हती, खड्ड्यातली वाळू कशी चुकीची आहे हे पंचांना समजावत होती. मग तिने सरांना हाक मारली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "सर, आता तरी."

सरांनी माझ्याकडे बघितलं. दुसरा इलाज नव्हता. म्हणाले, "अठ्ठावीस, तिसरी तू. तयार हो."

मला आनंद होत होता आणि तिच्याबद्दल वाईटही वाटत होतं, दोन्ही एकदम. ती म्हणाली, "रडलीस तर बघ. जा आणि पळ."

मोठं मैदान, लाल ट्रॅक, आमच्या मैदानासारखे खडे नाहीत. शिक्षकांना ट्रॅकवर यायला बंदी होती. बाजूला दोरी बांधली होती आणि सगळे सर-बाई दोरीच्या मागे. तुला बाबा माहीतच आहेत. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी ते सिग्नलला थांबतात. ते दोरीपासून हातभर मागे उभे होते, उगाच धक्का लागायला नको म्हणून.

मी वळणावर माझ्या लेनमध्ये गेले. खाली बघितलं नाही. खांदे सोडले. मान वळवून घुमीकडे बघत उभी राहिले. सगळं तू सांगितलंस तसं. आणि माझे पाय, आत्या, महिनाभर जिथे उभे राहायचे तिथेच जाऊन उभे राहिले. मागच्या रेघेच्या मागे. बाहेर.

मला पत्ताच नाही. शेजारच्या लेनमधली मुलगी माझ्या बरीच पुढे उभी होती, तर मला वाटलं बरोबर आहे, मी नेहमी सगळ्यांच्या मागेच असते.

बंदूक वाजली. मॉनिटर सुटली. आणि तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. शिट्टी नाही, आवाज. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

"टिटवे! टिटवे, पुढे ये! तुझी रेघ पुढे आहे!"

मी वळून बघितलं. आमचे सर, आमचे बाबा, दोरीवरून उडी मारून ट्रॅकच्या कडेला आले होते. शिट्टी पाठीवर गेली होती, एक चप्पल मागेच राहिली होती, आणि ते दोन्ही हातांनी मला पुढे ये, पुढे ये करत होते. पंचाचा हात झेंड्याकडे गेलेला मला दिसला. मी खाली बघितलं. पांढरी रेघ माझ्या पुढे होती. मी उडी मारून आत आले. तोवर बॅटन घुमीच्या हातात आली होती.

मग मला काहीच आठवत नाही, नुसतं आठवतं की मजा आली. घुमी जन्मात पहिल्यांदा ओरडली, "हात!" बॅटन तळहातात बसली. मी सुटले. पुढे दोन मुली होत्या, मग एकच होती. वळण संपलं तेव्हा शिडीचा लांबलचक हात मागे आलेला दिसला. मी त्यात बॅटन ठोकली आणि पालथी पडले. पडल्या पडल्या बघितलं. शिडी दुसरी आली. छातीएवढ्या फरकाने दुसरी. दुसरी म्हणजे पुढच्या फेरीत.

आम्ही चौघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या किंचाळलो की वकील खुर्चीसकट आमच्याकडे यायला निघाली.

पुढचं ऐक. हरलेल्या एका शाळेने तक्रार केली. पंचांनी बसून ठरवलं की घुमी यायच्या आत मी रेघेच्या आत आले होते, म्हणून आमचा निकाल कायम. पण सरांनी दोरी ओलांडली, म्हणून सर दिवसभरासाठी मैदानाबाहेर. नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेल्या माणसाला शिपायाने हात धरून फाटकापर्यंत नेलं. बक्षीस समारंभ त्यांनी जाळीतून बघितला. एका पायात चप्पल. दुसरी आम्ही नंतर नेऊन दिली. आणि कान असे लाल, की लांबूनसुद्धा दिसत होते.

मी जाळीपाशी गेले. म्हटलं, "बाबा, चूक माझी नव्हती. मागे उभं राहायची सवय तुम्ही लावलीत आणि खाली बघू नकोस असं आत्याने सांगितलं."

म्हणजे इतक्या वर्षांनंतर तुम्ही बहीण-भावाने मिळून एक काम केलंत आणि त्यात माझा संघ बाद होत होता.

ते हसले नाहीत. जाळीत बोटं अडकवून म्हणाले, "मी काय ओरडलो?"

मी सांगितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आत्या. त्यांना वाटत होतं ते भिंगरी म्हणाले.

मग ते खाली फुटपाथवर बसले. मीही जाळीच्या या बाजूला बसले.  माझ्या गळ्यात पदक होतं. ते मी जाळीतून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि परत दिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि मी ते बघितलंय हे त्यांना कळलं होतं.

आजी आता ओरडतेय. जेवून येते.

जेवले. पत्र संपवते. आत्या, मी आजइतकी खूश कधीच नव्हते.

भिंगरी

२० सप्टेंबर

आत्या,

आज घरातून निघालो. चष्म्याच्या दुकानाशी मी सवयीने थांबले. बाबा दोन पावलं पुढे गेले आणि वळून म्हणाले, "चल की. उशीर होतोय." आम्ही बरोबर शाळेत शिरलो. चष्मेवाले काका दुकानाच्या दारात येऊन बघत होते.

मैदानावर सुरुवातीची रेघ एकच होती. मी मागची शोधली, नव्हती. सर म्हणाले, "भिंगरी, काय शोधतेस? उभी राहा सगळ्यांबरोबर." मुलींनी असा गोंधळ केला की भूमितीच्या बाई खिडकीत आल्या. वकीलचा पाय अजून बांधलेला आहे, तर ती म्हणाली की हा माझ्या युक्तिवादाचा विजय आहे. असू दे.

पुढची फेरी शनिवारी, तुझ्या शहरात. आम्ही सकाळच्या गाडीने पोचू. तू अजून "बघू" वरच अडली आहेस. म्हणून तुला एक गोष्ट सांगते. ही मी सांगितली हे बाबांना कळता कामा नये.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवसापासून बाबा पुटपुटत असतात. दात घासताना, बुटाची नाडी बांधताना. आजी म्हणाली, वय झालं. मी कान लावून ऐकलं. एकच वाक्य आहे, ते त्याचा सराव करतायत. तेच, पुन्हा पुन्हा, शब्द मागेपुढे करून. रविवारी तुझा फोन आला तेव्हा तोंड उघडलं होतं त्यांनी, पण तू नेहमीसारखं "हं" म्हणालीस आणि त्यांची हिंमत गेली. फोन स्पीकरवर होता ना. म्हणाले, "आईला देतो."

आज सकाळी ते मैदानावर चुन्याची गाडी ढकलत होते आणि तेव्हाही पुटपुटत होते. मी मागून चालत होते, त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा मला ते वाक्य सबंध ऐकू आलं. "टिटवे, तू पळाली असतीस तर आम्ही शेवटचे आलो नसतो. मी चुकलो."

आणि आत्या, रेघ वाकडी गेली. बाबांची रेघ. मैदानाच्या मधोमध, भूमितीच्या बाईंच्या खिडकीसमोर. त्यांचं लक्षच नव्हतं.

मी ती पुसलेली नाही. शनिवारी ये. त्यांना ते वाक्य येतंय, फक्त समोर तू पाहिजेस.

भिंगरी